मेस्त्रींच्या कानाची सळई

मित्रांनो, उमेळ्याच्या रस्त्याला आलोशियस मेस्त्रींचं गॅरेज आहे. तिथे खिळ्याला लटकलेली हातभर लांबीची लोखंडी सळई तुम्ही पाहिली असेल आणि भंगार समजून पुढे गेला असाल. ती मी. तुमचा मला राग नाही, मी दिसतेच तशी. एका टोकाला सागवानी बोंड, दुसरं टोक घासून गुळगुळीत झालेलं, आणि मधल्या अंगावर ग्रीसचा असा थर की माझा मूळ रंग मलाही आठवत नाही.

माझं बालपण एका ट्रकच्या इंजिनात वर-खाली उड्या मारण्यात गेलं. बहात्तर साली ते इंजिन मोडीत निघालं, तेव्हा मेस्त्रींनी मला ढिगातून उचललं आणि आगाशीच्या सुताराकडून बोंड बसवून घेतलं. तेव्हापासून माझं काम एकच. चालू गाडीच्या पोटाला माझं टोक लागायचं, बोंड मेस्त्रींच्या कानाला, आणि आतला आवाज मी जसाच्या तसा वर पोचवायचे. डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीचंही काम तेच, फक्त तिला साबणाने धुतात.

काय दिवस होते ते! विरारहून, वसईहून टेम्पो यायचे. चार ठिकाणी खोलून बघितलेल्या गाड्या यायच्या. मेस्त्री डोळे मिटून ऐकायचे आणि एकही बोल्ट न सोडता सांगायचे, "तिसऱ्या गिअरचा दात तुटलाय." खोलून बघावं तर दात तुटलेलाच. लोक मेस्त्रींच्या कानाची वाहवा करायचे. माझं नाव कोणी घेत नसे, त्याचं थोडं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण त्यांचा गरम कान बोंडावर टेकला की मी भरून पावायचे.

मग ब्याऐंशीच्या सुमारास काहीतरी बिघडलं. जन्मभर लोखंडावर हातोडे मारून मेस्त्रींचा आधी डावा कान गेला, मग उजवाही मंदावत गेला. मी आवाज नेऊन पोचवायचे आणि तो तिथेच दारात ताटकळत उभा राहायचा. मेस्त्री मात्र पूर्वीसारखेच डोळे मिटायचे, मान डोलवायचे आणि अंदाजाने बोलायचे. तीस वर्षांचा अनुभव, अंदाज बहुतेक वेळा खरा ठरायचा. त्यांच्या पत्नी सालोमीबाई पूर्वी जेवायला हाक मारायच्या. आता त्या जवळ येऊन खांद्याला हात लावू लागल्या होत्या. दोघांपैकी कोणी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात हिलरी मास्तर गाडी घेऊन आले. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि त्यांना प्रवासाचं वेड होतं. लष्कराच्या लिलावात त्यांनी एक जुनी फोर-व्हील गाडी घेतली होती, म्हणजे इंजिनाची ओढ चारही चाकांना मिळते ती. मागच्या भागात त्यांनी चक्क घर मांडलं होतं. झोपायला चार फळ्या, स्टोव्हला खण, पाण्याचा पिंप, आणि त्यांच्या आईने, रोझलिनआईने, शिवलेले फुलाफुलांचे पडदे. नाताळ झाला की त्याच गाडीत राहत-झोपत गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जायचं ठरलं होतं. एक फळी सालोमीबाईंसाठी राखली होती. त्यांची ती फार वर्षांची इच्छा होती.

पण गाडी सुटताना खट् करायची आणि वळणावर कण्हायची.

"मेस्त्री, कशेडीच्या घाटातून आईला न्यायचंय," मास्तर म्हणाले. "तुम्ही एकदा ऐका. तुम्ही ठीक म्हणालात की मी निर्धास्त."

गाडी ठोकळ्यांवर चढवून चारही चाकं अधांतरी केली. गाडी चालवायला खाडीकडचा काळूराम होता, तो वर बसला आणि मेस्त्री मला घेऊन खाली सरकले. मी गिअरबॉक्सला लागले. तिथे काही नव्हतं. मागच्या शाफ्टला, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या लांब दांड्याला लागले, तिथेही नाही. मग पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टजवळ आले आणि माझं अंग शहारलं. खट्, खट्, फेरीला एकदा, कोरडा ठणठणीत आवाज. जमेल तेवढ्या जोराने तो मी वर पाठवला. मेस्त्रींच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "मागचा शाफ्ट. त्याचा क्रॉस गेलाय, बदलतो."

क्रॉस म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला चार हातांचा तुकडा. मागचा चांगला क्रॉस काढून मेस्त्रींनी नवा घातला. काळूराम फेरी मारून आला. "मेस्त्री, आवाज हाय तसाच हाय. कोनत्या बाजूचा ते मना कलत नाय."

"नवा आहे, बसेल दोन दिवसांत," मेस्त्री म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या मुकेपणाची चीड आली. धावत्या गाडीचा पुढचा शाफ्ट सांध्यातून निसटला तर त्याचं टोक रस्त्यात रुततं आणि गाडी उलटते. घाटात एका बाजूला दरी असते. हे मला कळत होतं, तर मेस्त्रींना कळत नसेल? फक्त आवाज कुठला, तेवढंच त्यांना माहीत नव्हतं. आणि ते माहीत नाही, हे म्हणायची त्यांना लाज वाटत होती.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजसमोरच उभी होती. सालोमीबाई नवी साडी नेसून, लाडवांचा डबा घेऊन चढल्या. मेस्त्री दाराशी उभे राहिले. मी त्यांच्या कंबरेला खोचलेली होते. प्रवासाआधीची प्रार्थना रोझलिनआईने सांगितली. सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि सगळे वळून मेस्त्रींकडे बघून हसले. मेस्त्रीही हसले. मग सालोमीबाईंकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणाली ती?"

सालोमीबाई त्यांच्या कानाशी आल्या. "म्हणाली, देवा, ज्यांनी आमची गाडी निर्धोक केली, त्या हातांना सुखात ठेव."

मेस्त्रींनी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

"उतरा सगळे."

"काय झालं, मेस्त्री?" मास्तरांनी विचारलं.

"मला ऐकू येत नाय, मास्तर. दोन वर्षं झाली. परवा मी काहीच ऐकलं नाय, उगाच सांगितलं."

मास्तरांचा चेहरा पडला. काळूराम जमिनीकडे बघत राहिला. मेस्त्रींची मान इतकी खाली गेली होती की मला वाटलं, आता हे मला कायमची फेकून देणार.

तेवढ्यात सालोमीबाई खाली उतरल्या. नव्या साडीचा पदर त्यांनी कमरेला खोचला. "मला येतं ना ऐकू," त्या म्हणाल्या. "कुठे लावायची ते दाखवा."

गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढली. बारा वर्षांत प्रथमच मी दुसऱ्या कानाला लागले. छोटा कान, त्यात सोन्याची कुडी. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं झालं. मेस्त्री माझं टोक एकेका जागी टेकवत होते आणि बाईंचं तोंड बघत होते. पुढच्या शाफ्टपाशी त्यांच्या भुवया वर गेल्या.

"इथे. इथे काहीतरी बोलतंय."

"सतत, की फेरीला एकदा?" मेस्त्रींनी विचारलं. मोठ्याने बोलायला आता त्यांना संकोच उरला नव्हता.

सालोमीबाईंनी एक बोट वर केलं.

"तेलकट की कोरडा?"

त्या जरा विचारात पडल्या. मग मेस्त्रींच्या तोंडासमोर येऊन, ओठ स्पष्ट हलवत म्हणाल्या, "कोरडा. माझ्या बापाच्या वाडीतला रहाट तेल संपलं की करायचा, अगदी तसा."

मेस्त्रींना आणखी काही विचारावं लागलं नाही. त्यांनी पुढचा शाफ्ट खाली घेतला, सांधा खोलला आणि तळहातावर उलटा केला. आतून लालभडक गंजाची पूड पडली. आतल्या सुईसारख्या बारीक बेरिंगांचा पत्ता नव्हता.

"मास्तर, ही गाडी समुद्रात घातली होती काय?"

मास्तर ओशाळले. फोर-व्हीलची ताकद पोरांना दाखवायला त्यांनी पावसाळ्यानंतर भुईगावच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत गाडी फिरवली होती. खारं पाणी सांध्यात शिरलं, ग्रीस वाहून गेलं, आणि वरून धुतलेली गाडी छान चकचकीत दिसत राहिली.

नवा क्रॉस बसवून गाडी दुसऱ्या दिवशी निघाली. निघताना मास्तरांनी मेस्त्रींचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आठ दिवसांनी सगळे सुखरूप परतले.

त्या गोष्टीला आता चार वर्षं होतील. "बहिऱ्याकडे गाडी कशाला न्यायची," म्हणत काही गिऱ्हाईकं गेली. जी राहिली, ती आवाजाची गाडी आणली की आधी घराच्या ओट्याकडे बघून सालोमीबाईंना हाक मारतात. त्या हात पुसत येतात, ऐकतात, सांगतात. मेस्त्री ओठांवरून समजून घेतात आणि खोलतात. अंदाज मात्र आता कोणी बांधत नाही.

मित्रांनो, गाडीच्या सांध्यात वेळेवर ग्रीस भरा, हे तर सांगतेच. पण घरातलं कोणी दोनदा "काय?" म्हणालं, तर वैतागू नका, तिसऱ्यांदा सांगा. आणि तुम्हाला स्वतःला ऐकू आलं नाही, कळलं नाही, तर तसं म्हणा. लगेच म्हणा. मला तोंड नाही म्हणून मी गप्प राहिले. मेस्त्रींना तोंड होतं, तरी तेवढं बोलायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि तोवर त्यांची सालोमी त्या गाडीत बसली होती.