सदतीस नंबरची खुर्ची

शनिवार माझ्या सुट्टीचा. खराडीच्या ऑफिसात पाच दिवस दुसऱ्यांच्या चुका पगार घेऊन निस्तरायच्या आणि सहाव्या दिवशी त्याच फुकट निस्तरायला विश्रांतवाडीहून स्वारगेटला यायचं, यात दोष माझाच. ज्या अभ्यासिकेत बसून मी इंजिनिअरिंग पार पाडलं, तिची वेबसाइट करून द्यायला मीच हात वर केला होता. "यास्मिन करेल," असं कोणी म्हणण्याआधीच.

साइट झाली, चांगली झाली. अडलं ते लॉगिन. सभासदांची सगळी माहिती श्यामसुंदरकाकांच्या जुन्या संगणकात होती. काका इथले कारकून, सव्वीस वर्षं त्याच टेबलामागे. सगळी नावं नव्याने भरायला समितीची तयारी नव्हती, म्हणून मी एक प्लगिन बसवलं. कोणी कार्ड नंबर आणि जन्मतारीख टाकली की ते काकांच्या डेटाबेसला विचारायचं, हा माणूस आपला आहे का? तिकडून होकार आला की दार उघडायचं. काकांनी दिलेल्या पाच जुन्या सभासदांवर मी ते तपासलं होतं. पाचही जण आत गेले होते.

साइटवरून मुदत वाढवायला आलेली पहिलीच सभासद नम्रता, आणि आज सकाळी नऊपासून ते तिला आत घेत नव्हतं.

नम्रता वाशिमची. पाच जणींच्या खोलीत एका कॉटवर राहते आणि तिथे दिवा किती वाजता बंद करायचा यावरून रोज भांडण असतं. तिची पूर्वपरीक्षा एकवीस दिवसांवर होती. खिडकीजवळची सदतीस नंबरची खुर्ची ही तिची पुण्यातली एकमेव हक्काची जागा, आणि तिची मुदत आज दुपारी बाराला संपत होती. पूर्वी काका रजिस्टरमध्ये मुदत वाढवून द्यायचे. मग वशिल्याच्या तक्रारी झाल्या आणि समितीने ठरवलं, वाढ फक्त वेबसाइटवरून. बारापर्यंत कोणी वाढवली नाही तर खुर्ची आपोआप प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला जाणार, त्याला लगेच मेसेज. हा नियम साइटवर मीच घातला होता. कोणालाही कोणाच्या पाया पडावं लागणार नाही, याचा मला अभिमान होता.

"ताई, बाराच्या आत होईल ना?" तिने दहाला विचारलं.

मी होईल म्हणाले. साडेदहाला तिने पुन्हा विचारलं तेव्हा मी नुसतं रोखून पाहिलं.

जन्मतारीख जुळत नाही, एवढंच स्क्रीन म्हणत होती. बिचारीने तीनदा आधार कार्ड काढून दाखवलं. मी प्लगिन काढून पुन्हा बसवलं, एकेक सेटिंग वाचलं, जोडणी तोडून परत जोडली. समोर काका निवांत चहा पीत होते. नोंदी नीट भरल्यात ना, असं मी विचारलं.

"मॅडम, सव्वीस वर्षांत आम्ही कोणाची जन्मतारीख बदललेली नाही," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "आपल्या यंत्राने बदलली असेल तर कल्पना नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सव्वाअकराला, जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते मी शेवटी केलं. काकांना उठवून त्यांच्या संगणकावर बसले आणि नोंदी उघडल्या. नम्रताचं कार्ड चारशे बारा. चारशे बारावर कोणी ऋतिका होती. नम्रता सापडली चारशे सोळावर. मी वर वर जात राहिले आणि एका ओळीवर थांबले. नावाच्या रकान्यात फक्त 'श्री'. जन्मतारीख कोरी. आणखी वर तशीच आणखी एक. एकूण चार.

हे सभासद कोण, असं मी विचारलं तर काकांना प्रश्नच कळेना. पाडव्याला नवं रजिस्टर उघडताना पहिल्या ओळीवर श्री लिहायचं, ही त्यांची पद्धत. कागदावर त्या ओळीला नंबर नसतो. संगणकात भरतानाही त्यांनी तेच केलं. पण संगणक सरसकट प्रत्येक ओळीला नंबर देतो. कार्डावर नंबर कागदावरचा. काका माणूस शोधायचे नावाने, त्यामुळे त्यांचं कधी अडलं नाही. चार पाडवे, चार श्री, आणि नम्रता चार ओळी पुढे. मी तपासलेले पाच जण पहिल्या श्रीच्याही आधीचे, संगणक बसवणाऱ्याने भरून दिलेल्या नोंदींतले होते.

"पहिली ओळ श्रीशिवाय कशी सुरू करणार?" काका म्हणाले. "ते काढून टाका म्हणालात तर जमणार नाही."

काढूनही उपयोग नव्हता, खालचे नंबर काही वर सरकत नाहीत. मी मात्र खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की देवाला सभासद करून घेतलंत तर त्याची जन्मतारीख तरी भरायची. काकांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

मग मी प्लगिनमध्ये दुरुस्ती लिहायला बसले. कोणत्या वर्षाच्या कार्डात किती मिळवायचे ते एकेक करून घातलं. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. नम्रता पाठीमागे उभी होती. तिसऱ्यांदा चाललं. मी तिला नंबर टाकायला सांगितला.

'नमस्कार, नम्रता' अशी अक्षरं उमटली. सकाळपासून ती पहिल्यांदा हसली.

"झालं, ताई."

मी मागे टेकले. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बारा वाजून चार मिनिटं झाली होती. नमस्काराच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. सध्या आपल्या नावावर जागा नाही.

तो नियम थांबवायला एक टिचकी पुरे होती. नऊपासून केव्हाही मारता आली असती. मी सगळी सकाळ काकांची चूक शोधत होते. आता माझी समोर होती आणि ओरडायला कोणी उरलं नव्हतं.

नम्रताने ती ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मी काहीतरी करेन अशा खात्रीने. खुर्ची परत तिच्या नावावर करायला मी माऊस धरला, तेवढ्यात एक जण धापा टाकत जिना चढून वर आला. अंगावर कंपनीचा गणवेश, हातात मोबाइल. नाव तेजस, सात महिने यादीत होतो, आत्ता मेसेज आला, असं त्याने एका दमात सांगितलं.

"काका, सदतीस नंबर कुठला?"

काकांनी रजिस्टर मिटलं.

"मॅडमना विचारा," ते म्हणाले. "जागा आता आम्ही देत नाही."

मी माऊस सोडला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. नम्रता तिथे आधीच पोचली होती, वह्या पिशवीत भरत होती.