खंडेनवमीला काढलेलं कव्हर

इथे आखातात, आमच्या शाळेच्या अरबी भाषणस्पर्धेत मी पहिली आले, त्याच आठवड्यात गुंडूमामाचा हात मशीनमध्ये गेला. आईला सीफच्या मॉलमधली शिफ्ट सोडता येईना. तिने फोनवर सांगितलं, कश्मिरा, तू जा, तुला बोलता येतं. आमच्या घरात हे वाक्य आजवर तक्रार म्हणूनच वापरलं जायचं! मी तडक टॅक्सीने हॉस्पिटल गाठलं.

गुंडूमामा आईचा चुलतभाऊ, चंदगडकडचा. सित्रातल्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवायच्या प्रेसवर असतो. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. दुसऱ्या कुणाचं सामान राखायला दिल्यासारखा तो बँडेजकडे बघत बसला होता. शेजारी त्याचा फोरमन कैलास. तोही मामाच्याच गावचा, त्याला व्हिसा त्यानेच मिळवून दिलेला.

अपघाताची नोंद करणाऱ्या आतिकाबाई थोड्या वेळाने येणार होत्या. त्यांना काय सांगायचं ते दोघांनी ठरवूनच ठेवलं होतं : कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीच्या दारात हात सापडला. ते अरबीत नीट सांगणं एवढंच माझं काम.

कैलास फोन घ्यायला बाहेर गेला, तसं मी मामाला विचारलं की दाराचं काय मध्येच. हळूहळू सगळं बाहेर आलं. खंडेनवमीला त्यांच्या वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा होते. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसच्या पुढे असते ती लोखंडी जाळी, म्हणजे त्यांच्या भाषेत कव्हर, मामानेच काढली होती. आतून पुसायचं, हळदकुंकू लावायचं, माळ घालायची म्हणून.

"पुजलं मी, आन् चूकबी माझीच," मामा म्हणाला. "खरं सांगितलं तर माझं सगळं जाईल. वर सगळ्यांची पूजा बंद."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कैलासनं."

"पण पूजा दसऱ्याच्या आधी झाली. आता दिवाळी आली. कव्हर अजून बाहेर कसं?"

मामाने मान फिरवून सांगितलं. कव्हर परत बसवायला तो गेला होता, पण कैलास म्हणाला, राहू दे, काम पटापट होतं, यल्ला, चल.

मी थेट आतिकाबाईंना गाठायला गेले. त्या कॉरिडॉरमध्येच भेटल्या. मी म्हटलं, समजा, समजा हं, कामावर कुणाला लागलं आणि थोडी चूक त्याचीही असली, तर? माझं ते 'समजा' ऐकून त्या हसल्या. मग नीट समजावलं : कामावर लागलं ते कामावरच लागलं. उपचार आणि भरपाई हा त्या माणसाचा हक्क. हलगर्जी कुणाची याची चौकशी वेगळी होते. पण हात दारात सापडला म्हणून लिहिलं, की खलास. मग कंपनीला काही विचारताच येणार नाही.

परत येऊन मी मामाला सगळं सांगितलं. वर माझ्या पदरचंही घातलं. "मशीनला देव मान की मामा. फोरमनला कशाला मानतोस?"

दुखत होतं तरी तो हसला. "आईवर गेलीस," म्हणाला. "पर त्यानं व्हिसा दिला गं. गावात त्याच्या दारावरनं जायचं हाय मला."

बोटं त्याची, गाव त्याचं. मी एवढंच म्हटलं, तू सांगशील ते मी सांगेन, दार म्हणालास तर दार.

आतिकाबाई आल्या, मागोमाग कैलासही चहाचे कप घेऊन आला. बाईंनी मला विचारलं, कसं लागलं? मी मामाकडे पाहिलं. मामा कैलासकडे बघत होता. मग त्याने माझी वाट न बघता स्वतःच्याच अरबीत सांगून टाकलं.

"शुगल. मकीना. कव्हर मफी."

काम, मशीन, कव्हर नव्हतं. कैलासने चहाचे कप खाली ठेवले.

"आता नीट सांग पोरी," मामा मला म्हणाला. "कव्हर पूजेला मी काढलं, ते आधी सांग. मग बसवू दिलं न्हाई, ते."

मी सगळं सांगितलं, अगदी माळेसकट. झेंडूला अरबीत काय म्हणतात ते येईना, म्हणून पिवळी फुलं म्हटलं. बाईंनी लिहून घेतलं. मग वर्कशॉपच्या फोरमनचं नाव विचारलं.

मामाने डाव्या हाताने कैलासला खुर्ची दाखवली. "बस रं कैलास," तो म्हणाला. "तुलाच इचारत्यात."