रात्र कोणत्या दिवसाची?

मध्यरात्री माझे तारखेचे चाक एकदम उडी मारत नाही. ते आधी किंचित थरथरते, अर्धे वळून अडते आणि मग हलकेच पुढच्या आकड्यावर बसते. मित्रांनो, मी एक जुने हजेरीचे घड्याळ आहे. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात, दाराशेजारच्या भिंतीवर माझी जागा आहे. कामगार माझ्या फटीत कार्ड घालतात आणि मी त्यावर तारीख-वेळ छापते.

मला बसवणाऱ्या मिस्त्रीने माझे चाक सकाळी रात्रपाळी सुटल्यावर वळेल असे लावले होते. त्यामुळे रात्रपाळीला येताना आणि जाताना एकच तारीख उमटे. तेव्हा माझे कौतुक होते. तेल वेळेवर मिळे, काच पुसली जाई. पुढे मी बिघडले. दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्या मिस्त्रीने चाक मध्यरात्रीवर आणले आणि एका रात्रीचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून मला कोडे पडले आहे, की रात्र नेमकी कोणत्या दिवसाची?

सुट्टीच्या दिवशी काम केले की दुप्पट पगार, असा इथला नियम. इस्त्रीवाल्या ताईने एकदा सुट्टीच्या रात्री दहाला येऊन दुसऱ्या सकाळपर्यंत चादरी केल्या. पगारबाबू म्हणाले, "काम संपलं सुट्टीनंतर. दुप्पट कसलं?" म्हणून पुढच्या सुट्टीला ती आदल्या रात्री दहाला आली आणि सुट्टीच्या सकाळी सहाला निघाली. बाबूंनी कार्ड उलटसुलट पाहिले.

"ताई, तुम्ही तर आदल्या दिवशी आलात."

"म्हणजे कधी येणं धरायचं, कधी जाणं. आमचं नुकसान तेवढं कधी चुकत नाही."

"मी काय करू? घड्याळच तसं सांगतं."

मी काहीच सांगितले नव्हते. मी फक्त ठसा उमटवला होता.

त्या पैशांवर ताईच्या सासूबाईंची कवळी अडली होती. "तोंडात दात नाही, पण टोमणा बरोबर लागतो," ताई म्हणे. विभागाच्या मोठ्या बाईंना सगळ्यांनी विचारून झाले होते. त्या प्रत्येक वेळी "बघू" म्हणत.

पुढची सुट्टी तोंडावर आली, तेव्हा बाई पगारबाबूंना घेऊन धुलाईघरात आल्या. ताईने इस्त्री बाजूला ठेवली.

"बाई, सुट्टीला ऑपरेशनच्या चादरी कोण करणार, ते तेवढं बघा. आदल्या रात्री आणि सुट्टीच्या रात्री, दोन्ही रात्री आमच्यातलं कुणी येत नाही."

बाबूंनी माझ्याकडे बोट दाखवले. बाई माझ्याजवळ आल्या आणि माझे धुळीने माखलेले झाकण उघडून बराच वेळ चाकाकडे पाहत राहिल्या.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळच्या वेळी तेल द्या, आमची धूळ पुसा. पण जे माणसांनी ठरवायचे असते, ते आमच्या गळ्यात घालू नका.

बाईंनी झाकण लावले.

"ज्या रात्रीचे जास्त तास सुट्टीत पडतात, ती सबंध रात्र सुट्टीची," त्या म्हणाल्या. "म्हणजे आदल्या दिवशी दहाला सुरू होणारी. बाबू, ताईंचे मागच्या सुट्टीचे पैसे आजच द्या."