मावशीचे टाके

आमच्या ह्यांचा धंदा फॉर्म भरून देण्याचा. झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, दोन मशीनं, एक डुगडुगणारं स्टूल, आणि काचेवर कागद चिकटवलेला: 'सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील.' वीस वर्षं लोकांची वयं आणि पत्ते ह्यांच्या हातून कागदावर उतरतायत, त्यामुळे ह्यांची एक ठाम समजूत झाली आहे. माणूस आधी फॉर्मवर असतो, मग बाहेर. आणि फॉर्म कितीही मोठा असला तरी त्यात कुठे ना कुठे फट असतेच. ती फट दाखवायचे हे वेगळे पैसे घेतात.

मी घरी शिवते. पडदे, उशांचे अभ्रे, लोकांच्या पँटी कमरेत ढिल्या नाहीतर घट्ट करून देणं. मुलंबाळं झाली नाहीत. जिन्याखाली कुणीतरी खोक्यात टाकून दिलेल्या दोन मांजरी सहा वर्षांपूर्वी मी उचलून आणल्या आणि त्या माझ्या झाल्या. दोघी एकाच वेतातल्या, राखाडी, हिरव्या डोळ्यांच्या. एकीच्या शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका, म्हणून ती ठिपकी. दुसरी जन्मल्यापासून सगळ्या जगाची वडीलधारी असल्यासारखी बघायची, म्हणून ती मावशी. ठिपकी कुणाच्याही मांडीवर जायची. मावशी फक्त माझ्या मशीनच्या पायडलपाशी बसायची, आणि मशीन थांबलं की मान वर करून 'का गं थांबलीस?' असं बघायची.

विम्याचं हे दुकानातूनच शिकून आले. कुणाच्या तरी कुत्र्याचा फॉर्म भरला होता. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर तीन कंपन्यांची पत्रकं मांडून बसले. पहिली स्वस्त होती, पण दातांचं आणि मूत्रपिंडाचं काहीच देत नव्हती. दुसरी सगळं देत होती, पण मांजराच्या कातडीखाली नंबराची चिप बसवलेली हवी. तिसरीला चिप नको, दोन फोटो पुरे. समोरून एक, डाव्या बाजूने एक.

"हीच घ्यायची," हे म्हणाले.

"दोघींचा काढायचा ना?"

"दोघींचा कशाला? अगं, फोटोत शेपूट कुठे येतंय? एकीचा काढला की दोघींचा झाला. जी आजारी पडेल ती मावशी."

मी हसले. खोटं कशाला सांगू, मला ते हुशारीचं वाटलं. पॉलिसी माझ्या नावावर काढली, सही मी केली, आणि फोटो काढताना मावशीचं शेपूट तिच्या अंगाखाली सरकवणारा हातही माझाच होता.

डॉक्टरबाईंनी दोघींची नसबंदी करून घ्या असं कितीदा सांगितलं होतं. ती विम्यात बसत नाही म्हणून ह्यांनी पुढे ढकलली. मग गेल्या वर्षी ठिपकीच्या गर्भाशयात पू झाला. तिला टोपलीत घालून नेलं आणि काउंटरवर ह्यांनी नाव सांगितलं, 'मावशी'. दवाखान्यात गर्दी होती, शेपूट बघायला कुणाला वेळ? डॉक्टरबाईंनी ऑपरेशन करून गर्भाशय काढून टाकलं, कंपनीने महिन्याच्या आत सगळे पैसे दिले. हे आठवडाभर मिशीत हसत होते. "नसबंदी फुकटात झाली की नाही? आवळा देऊन कोहळा काढला." मीही शेजारणीला ती गोष्ट रंगवून सांगितली होती. मांजर डोळे मिटून दूध पितं असं म्हणतात. आमच्या घरात दूध पिणारे आम्ही दोघं होतो.

यंदा एका मंगळवारी मावशीने सकाळपासून चार वेळा ओकलं. दुपारी मशीन थांबलं तरी तिने मान वर केली नाही. मी तिला टोपलीत घालून तशीच दवाखान्यात पळाले, हे दुकान बंद करून मागून आले. डॉक्टरबाईंनी तिचं तोंड उघडलं आणि जिभेखाली बोट दाखवलं. निळा दोरा जिभेच्या मुळाशी अडकला होता आणि उरलेला घशातून आत गेला होता. परवा मी निळे पडदे शिवले होते. शिवणाच्या टोपलीचं झाकण लावायला विसरले होते.

"ओढायचा नाही," बाई म्हणाल्या. "दुसरं टोक आतड्यात आहे. ओढलं तर आतडं कापलं जाईल."

सोनोग्राफीसाठी त्यांनी तिच्या पोटावरचे केस काढले. मग त्या थांबल्या. दिवा जवळ घेतला, गुलाबी कातडीवरून बोट फिरवलं आणि फाईल मागवली.

"मागच्या वर्षी मी हिचं गर्भाशय काढलंय. सहा टाके घातलेत. माझे टाके कुठे गेले?"

मी शिवणारी बाई. उसवलेली शिवण कितीही सफाईने पुन्हा घातली तरी खूण राहते, हे मला कुणी सांगायला नको. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी सुरू केली. पडद्यावर आतड्याच्या चुण्या दिसत होत्या, दोरा ओढल्यावर झालर पडते तशा, आणि शेजारी गर्भाशय जागच्या जागी होतं.

बाईंना समजलं. चिडल्या असाव्यात, पण आवाज चढवला नाही. "मी दिसतं तेच लिहिणार. तुमचा विमा मिळेल असं मला वाटत नाही. पण ते नंतर बघा. ऑपरेशन आज संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे. निम्मे आत्ता भरा, उरलेले हप्त्याने द्या."

निम्मे माझ्याकडे होते. माझ्या शिवणाचे, बटणांच्या डब्यात, घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर. हे मी नीट लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्यांच्या माथी मारणं मला सोपं आहे.

ह्यांनी मला दाराबाहेर घेतलं. "दुसरीकडे नेऊ. स्टेशनपलीकडे मोठं हॉस्पिटल आहे, तिथे आपली फाईल नाही. ते कंपनीला कळवतील, मंजुरी येईल, ऑपरेशन होईल. इथे भरले तर भरलेले गेले."

"अहो, पण आजच करायला सांगितलंय."

"डॉक्टर घाई करायला सांगतातच. तासा-दोन तासांचा प्रश्न आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मला बटणांचा डबा आठवला, आणि त्याच क्षणी हेही आठवलं की चार वर्षं हप्ते भरतोय, मग आपल्या खिशात हात का घालायचा? मी मावशीला टोपलीत ठेवलं.

मोठ्या हॉस्पिटलात सगळं पहिल्यापासून. नवा कागद, नवी सोनोग्राफी, रांग. अर्ज कंपनीकडे गेला तेव्हा कचेऱ्या सुटायची वेळ झाली होती. मंजुरी सकाळी येईल, म्हणाले. मावशीला सलाइन लावून पिंजऱ्यात ठेवली. मी निघताना तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मशीन थांबल्यावर बघायची तसंच.

सकाळी अकराला मी ह्यांच्या दुकानात असताना कंपनीतल्या मुलीचा फोन आला, माझ्या नावाने. आवाज गोड होता. "मॅडम, आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्या मांजरीचं गर्भाशय मागच्या वर्षी काढलेलं आहे. कालच्या रिपोर्टमध्ये ते आहे. यातली तुमची मांजर कोणती?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"सॉरी?"

मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि घरी धावले. डब्यातली बटणं जमिनीवर ओतली, पैसे घेतले, रिक्षा केली. हॉस्पिटलात पोचले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मला बसायला सांगितलं. बसायला सांगतात तेव्हा काय झालेलं असतं ते कळतंच. पहाटे आतडं फाटलं होतं.

कंपनीचं पत्र आठवड्याने आलं. पॉलिसी रद्द, मागच्या वर्षीचे पैसे परत करावेत. वर माझं नाव, खाली माझ्या सहीची प्रत. तेलही गेलं, तूपही गेलं. पण तेल-तुपाचं मला काही वाटलं नाही. मला राग येत होता तो दहा मिनिटांचा. दवाखान्यापासून घरापर्यंतची दहा मिनिटं मी चालले नाही. ह्यांच्यावरही चिडले, दोन दिवस बोलले नाही. पण आरसा पुसताना तिसऱ्या दिवशी तेही जमेना.

ठिपकी घरभर फिरून तिला शोधायची आणि शेवटी पायडलपाशी जाऊन बसायची. ती तिथे कधी बसत नसे.

बाराव्या दिवशी हे दुकानातून एक फॉर्म घेऊन आले. वेगळी कंपनी होती. सुंदर अक्षरात सगळा भरलेला, फक्त सही बाकी.

"निदान हिचा तरी काढून ठेवू," हे म्हणाले. आवाज मऊ होता. मला वाटतं त्यांनाही वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की काय करायचं ते त्यांना एवढंच येतं.

मी वाचत गेले. जात मांजर, रंग राखाडी, वय सहा. नवव्या ओळीत: 'पूर्वी काही शस्त्रक्रिया झाली आहे का?' पुढे 'नाही'वर बरोबरची खूण.

"हे काय?"

"बरोबर आहे ते. कागदावर हिचं कधी ऑपरेशन झालंच नाहीये. झालं ते मावशीचं."

ठिपकी माझ्या मांडीवर पालथी पडली होती. मी तिला उलटी केली. पोटावरच्या केसांत सहा टाक्यांची बारीक रेघ बोटाला लागली.

मी 'नाही' खोडलं. 'हो' लिहिलं. खाली 'असल्यास तपशील द्यावा' म्हणून दोन ओळी सोडल्या होत्या. त्यात कसलं ऑपरेशन, केव्हा, कुठल्या दवाखान्यात आणि कोणाच्या नावाने, ते सगळं लिहिलं. जागा पुरली नाही, समासात लिहिलं. मग सही केली.

ह्यांनी कागद उचलून वाचला. "अगं, हा आता कोण घेईल?"

कुणी घेणार नाही हे मलाही कळत होतं. आमच्या घरात एक फॉर्म पहिल्यांदा खरा भरला होता, आणि ज्या मांजरीसाठी तो खरा भरायला हवा होता, ती बारा दिवसांपूर्वी गेली होती.