सेहेचाळीस मापाचा कमझोल

पोट लहान करायचं ऑपरेशन झाल्यावर पहिल्याच महिन्यात उलबोसिनचं वजन बारा किलोनं उतरलं आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

घरातल्या काट्यानं तिच्यापुढे केव्हाच हात टेकले होते, म्हणून ती वजन करायची नवऱ्याच्या मेंढ्यांच्या काट्यावर. तोलेगेन तराझच्या गुरांच्या बाजारात मेंढ्या विकायचा. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, पुढे फाटक; उलबोसिन बिस्मिल्ला म्हणून आत शिरायची आणि तोलेगेन सवयीनं फाटक लावून घ्यायचा. ऑपरेशनच्या आधी काटा एकशे अठ्ठावीसवर थांबला होता. आता एकशे सोळा. तोलेगेननं आकडा नेहमीसारखा मोठ्यानं पुकारला आणि पलीकडच्या मेंढपाळानं मान वर न करताच विचारलं, जोडी आहे का.

उलबोसिन हसत हसत घरी आली. चहाचं पाणी ठेवण्याआधी तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पेन्सिल घेऊन बसली. मुलाची सोयरीक मेर्केच्या झौरेशबाईंच्या लेकीशी जमत आली होती. विहिणीकडे व्याही म्हणून पहिलं जाणं आणखी सहा महिन्यांनी, म्हणजे एकूण महिने सात. बारा साते चौऱ्याऐंशी. एकशे अठ्ठावीसातून चौऱ्याऐंशी गेले की उरतात चव्वेचाळीस.

तोलेगेननं खांद्यावरून वाकून पाहिलं. म्हणाला, ‘म्हातारे, हा हिशेब असाच चालू ठेव. दहाव्या महिन्यात तू आठ किलोची होशील. अकराव्यात तुला शोधायला मी दिवा घेऊन फिरेन.’

‘अहो, चेष्टा पुरे,’ ती म्हणाली. पण चव्वेचाळीसपर्यंत उतरणं तिलाही जरा अतीच वाटलं. हावरटपणा बरा नव्हे. देवानं दिलंय त्यात समाधान मानावं, असं स्वतःला बजावून तिनं चौऱ्याऐंशीचे साठ केले आणि आपण किती समजूतदार आहोत म्हणून तिचा ऊर भरून आला.

खरं तर शिमकेंतच्या दवाखान्यातून सुट्टी देताना सिस्टरनं तिला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. आपा, पहिले दोन महिने भराभर उतरेल, मग हळूहळू, मध्येच काही आठवडे काटा हलणारही नाही, तेव्हा घाबरायचं नाही. दीड वर्षानं चाळीस-पंचेचाळीस किलो कमी झाले तर उत्तम झालं समजायचं. विशीतल्या पोरीची कंबर आम्ही देत नाही. उलबोसिननं मान डोलावली होती. पण तेव्हा तिच्या पुढ्यात अर्धी वाटी सूप होतं आणि ते कसं संपवायचं या विचारात तिचं अर्धं लक्ष गेलं होतं.

त्याच आठवड्यात झौरेशबाईंचा फोन आला. आमच्याकडे सोयरीक जमल्यावर व्याही पहिल्यांदा घरी आले की निघताना त्यांना नवे कपडे चढवून पाठवतात, आणि ते सगळ्यांसमोर. विहिणीसाठी मखमलीचा कमझोल, म्हणजे वरून घालायचं जाकीट, शिवायचा होता, पुढे लावायच्या चांदीच्या आकड्याचा. त्याचं माप हवं होतं.

‘सेहेचाळीस,’ उलबोसिन म्हणाली. साठ किलो उतरल्यावर बसेल ते माप.

मग झौरेशबाईंनी हळूच विचारलं, मागच्या खेपेला मुलगी पाहायला आमच्या दारातून तुम्ही तिरक्या होऊन आला होतात, त्याच ना विहीणबाई? उलबोसिननं मग ऑपरेशनची हकिगत सांगितली. बारा किलो एका महिन्यात, हे तीनदा सांगितलं. झौरेशबाई स्वतः तिच्याहून चार बोटं जास्तच रुंद. त्यांनी तेही तीनदा विचारून घेतलं.

पुढच्या महिन्यात सहा किलो गेले. तिसऱ्यात पाच. मग तीन आठवडे काटा असा हटून बसला की तोलेगेननं खाली वाकून तपासलं, एखादी मेंढी अडकली आहे की काय. उलबोसिननं शॉल काढून पाहिली, बूट काढून पाहिले, श्वास सोडून पाहिला. मेर्केला निघायच्या आदल्या दिवशी काटा सत्त्याण्णववर थांबला. एकतीस किलो उतरले होते. सिस्टर फोनवर म्हणाली, आपा, अगदी ठरल्याप्रमाणे चाललंय. पण उलबोसिनच्या डोळ्यांसमोर सेहेचाळीसचा आकडा होता. सगळ्या सोयऱ्यांसमोर तो कमझोल अंगात गेला नाही, तर मुलाच्या आईला व्याही म्हणून पहिल्याच भेटीत बढाईखोर ठरवतील. फोन करून माप सुधारायचं तिनं सहादा ठरवलं आणि सहाही वेळा हवापाण्याचं बोलून फोन ठेवला.

मेर्केला झौरेशबाईंनी तिला दारातच मिठी मारली. या खेपेला ती सरळ आत आली, तेवढ्यावरच बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा झौरेशबाईंनी आतल्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. गेली आठ वर्षं त्यांचे गुडघे जमिनीला टेकले नव्हते. उलबोसिनचेही नव्हते, तीन महिन्यांपूर्वीपर्यंत. ती म्हणाली, मला खुर्ची नको. खाली सतरंजी अंथरून तिनं कपाळ जमिनीला टेकवलं आणि कशालाही न धरता उठली. मागं वळून पाहिलं तर झौरेशबाई प्रार्थना संपवून तिच्याकडे बघत बसल्या होत्या.

‘विहीणबाई, एक सांगते, कुणाजवळ बोलू नका,’ त्या कुजबुजल्या. ‘मीही तारीख घेतली आहे. पुढच्या महिन्यात. आणि तुमच्या कमझोलाच्याच कापडाचा माझ्यासाठीही शिवून पेटीत ठेवलाय. सेहेचाळीसचाच. लग्नात दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसू.’

उलबोसिन सतरंजीची घडी घालू लागली. तेवढ्यात बाहेरून हाक आली.

जेवणात सोयरीक पक्की करायची म्हणून मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी व्याह्यांना हातानं भरवली जाते. झौरेशबाईंच्या जावेनं भला मोठा घास उचलला. उलबोसिननं त्यातून नखाएवढा तुकडा घेतला, बराच वेळ चावला आणि उरलेला सगळा तोलेगेनच्या तोंडात गेला. परत फिरताना जावेनं उलबोसिनच्या दोन्ही गालांना दही फासलं, रीतीप्रमाणे. सोयरीक पक्की झाली. सगळे हसून लोळायच्या बेतात आले.

मग कपडे आले. तोलेगेनला झगा चढवला, तो कोंबड्यासारखा खोलीभर फिरून आला. आता उलबोसिन. हिरवी मखमल, कडेनं सोन्याची वेलबुट्टी. हात गेले. पाठीवर मखमल ताणली गेली. पुढे चांदीचे दोन आकडे आले आणि एकमेकांपासून वीतभर अंतरावर थांबले. झौरेशबाईंनी ओढून पाहिलं. जावेनं मागून ढकलून पाहिलं. आकडे होते तिथेच राहिले. हसणं हळूहळू विरलं.

झौरेशबाई चटकन म्हणाल्या, ‘त्या शिवणारणीनं घोळ घातला. मेलीला सेहेचाळीस सांगितलं, तर तिनं बेचाळीसचा शिवला.’

वाट मोकळी होती. उलबोसिननं फक्त मान डोलवायची होती. पण बोलताना झौरेशबाईंची नजर त्या वीतभर अंतरावरून हलत नव्हती. कोपऱ्यातल्या पेटीत दुसरा कमझोल होता आणि पुढच्या महिन्यात तारीख.

‘शिवणारणीला बोल लावू नका, विहीणबाई,’ उलबोसिन म्हणाली. गालावरचं दही अजून तसंच होतं. ‘चूक माझ्या गणिताची आहे. पहिल्या महिन्यात बारा गेले, तर मी बारा साते केलं. सात महिन्यांत गेले एकतीस. अजून दहा-बारा जातील, फार तर पंधरा, तेही वर्षभरात. मग थांबेल. माझं माप छप्पन्न आहे.’

झौरेशबाई हळूच खाली बसल्या. ‘एकतीसच? आणि मग थांबतं?’

‘थांबतं. सिस्टरनं आधीच सांगितलं होतं. माझं लक्ष सुपात होतं.’

झौरेशबाईंनी विचारलं, ‘आणि दुपारी खुर्ची नको म्हणालात, ते या एकतीस किलोंवरच?’

‘त्यावरच. पंचविसालाच जमायला लागलं होतं.’

झौरेशबाईंचा चेहरा आधी गोंधळला, मग उजळला. ‘पंचविसाला,’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग जावेकडे वळल्या. ‘अगं, बघतेस काय? कात्री आण. आणि पेटीतला तो दुसरा कमझोल.’

सात बायका एका मखमलीवर तुटून पडल्या. दुसऱ्या कमझोलाच्या पाठीच्या पट्ट्या निघाल्या, पहिल्याच्या दोन्ही कुशींना लागल्या. चहाची तिसरी फेरी व्हायच्या आत आकडा खटकन लागला. उलबोसिननं सगळ्यांना बजावलं की शिलाई कच्ची घाला, दहा-बारा किलोंची जागा ठेवा, पण त्याहून जास्त मुळीच नको. दोन सेहेचाळिसांचा मिळून एक छप्पन्न झाला होता, आणि हे गणित मात्र बरोबर आलं म्हणून तोलेगेनच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

झौरेशबाईंच्या हातात दुसऱ्या कमझोलाचं उरलेलं होतं: पुढची दोन पानं आणि चांदीचा आकडा. ‘आणि माझा?’

‘दीड वर्षानं,’ उलबोसिन म्हणाली. ‘कापड मी आणते. माप आता सांगूच नका. तराझला या, आमचा काटा सांगेल.’

तोलेगेन दारातून झग्याच्या बाह्या सावरत म्हणाला, ‘या, विहीणबाई, जरूर या. तो मेंढपाळ सहा महिने विचारतोय, जोडी आहे का म्हणून.’

झौरेशबाईंनी उरलेलं दही त्याच्या दाढीला फासलं.