इस्त्री कुणाची

जहाजावर चढण्याआधी सगळ्यांच्या बॅगा तपासणीच्या पट्ट्यावरून गेल्या. मुलाची गेली, सुनेच्या दोन गेल्या, जुळ्या नातींच्या गुलाबी बॅगाही डुगडुगत गेल्या. काकूंची मात्र बाजूला काढली गेली.

तिरंदाजीच्या हॉलमध्ये त्यांना लहानथोर सगळे काकूच म्हणत, म्हणून आपणही काकूच म्हणू. वय सहासष्ट. पस्तीस वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्यांनी लोकांच्या हातातल्या शिरा शोधल्या होत्या. सुई टोचताना बोट हललं की समोरचा ओरडतो, त्यामुळे हात स्थिर ठेवायची सवय अंगात मुरलेली. यजमान गेल्यावर वर्षभर घरात बसून काढलं आणि मग अठ्ठावन्नाव्या वर्षी, शेजारीण चौकशीला निघाली होती म्हणून तिच्यासोबत, एका गोदामामागच्या तिरंदाजीच्या हॉलमध्ये गेल्या. शेजारणीचा उत्साह आठवड्यात मावळला. काकू तिथेच राहिल्या.

"माझी आहे," काकू पुढे होऊन म्हणाल्या. "आत धनुष्य आहे. त्याचं पत्र आहे माझ्याकडे."

त्यांना आतल्या खोलीत नेलं. मागोमाग मुलगा, सून आणि मुली. खोलीत लांबलचक स्टीलचं टेबल आणि त्यामागे रबरी हातमोजे घातलेली तपासनीस बाई. भिंतीवर मनाई असलेल्या वस्तूंची चित्रं लावलेली: चाकू, किटली, मेणबत्ती, बॅट, पाण्याखाली मासे मारायची बंदूक. कोपऱ्यात जप्त झालेल्या वस्तूंचा ढीग होता. एक गृहस्थ आपल्या हॉकी स्टिकसाठी हुज्जत घालत होते. "अहो, ही स्टिक माझ्या बायकोपेक्षा जास्त वर्षं माझ्याजवळ आहे," असं ते तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा बायकोने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

तपासनीस बाईने पत्र वाचलं. पस्तीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईचा पत्रव्यवहार होता तो, त्यात खोट काढायला जागा नव्हती. एक सुटं होणारं धनुष्य, बारा बाण. चढताना जहाजाच्या सुरक्षा विभागाकडे सोपवायचे. तिसऱ्या दिवशी जहाज ज्या बंदराला लागणार, त्या गावात साठीपुढच्यांची तिरंदाजी स्पर्धा होती. त्या दिवसापुरतं धनुष्य मिळणार आणि दुपारी चारला परत करायचं. जहाज कंपनीशी दीड महिना पाठपुरावा करून काकूंनी ही परवानगी मिळवली होती.

"पत्र बरोबर आहे," बाई म्हणाली आणि तिने बॅगेची चेन ओढली. धनुष्याचा दांडा, त्याची दोन पाती, बाणांची नळी, स्वेटर, औषधांचा डबा. मग तिने स्वेटरखालून एक निळी इस्त्री काढून टेबलावर ठेवली. "आणि हे?"

काकू बघतच राहिल्या.

"इस्त्रीला मनाई आहे, आजी. आग लागते. यादीत पहिल्या पानावर आहे."

"ही मी नाही ठेवली."

"पत्राखाली सही तुमची आहे. 'या बॅगेत मनाई असलेली दुसरी कोणतीही वस्तू नाही.' वस्तू निघाली की परवानगी रद्द. धनुष्य चढणार नाही."

इस्त्री कुणाची, हे काकूंना पहिल्या नजरेतच कळलं होतं. वायरीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. रोज सकाळी सातला मुलाच्या घरी जाऊन त्या याच इस्त्रीने नातींच्या फ्रॉकवरच्या सुरकुत्या काढत. आदल्या दिवशी सगळ्या बॅगा मुलाच्या दिवाणखान्यात होत्या आणि वजन जास्त होतंय म्हणून सून सामान इकडचं तिकडे करत होती.

काकूंनी सुनेकडे पाहिलं. सून खाली वाकून एका मुलीच्या बुटाची नाडी बांधत होती. ती आधीच बांधलेली होती.

"ही तुमची नसेल, तर ज्याची असेल त्याने इथे सही करायची," तपासनीस बाईने एक कागद पुढे सरकवला. "इस्त्री आम्ही ठेवून घेऊ, परत येताना मिळेल. मग तुमचं पत्र चालेल. कुणाची आहे?"

आपण बोट दाखवायचं नाही, असं काकूंनी ठरवलं. चारचौघांत सुनेचं नाव घ्यायचं नाही. तिने आपणहून सांगावं. एक वाक्य, एक सही, संपलं.

तेवढ्यात मुलगा पुढे झाला आणि अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "आई, तुला इस्त्री कशाला लागते गं? तिथे सगळं मिळतं."

सुनेने मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"मी ठेवली नाही म्हटलं ना," काकू म्हणाल्या.

"बरं, राहिली असेल चुकून. वयाने होतं असं. आता धनुष्य इथे ठेव आणि चल. परत येताना घेऊ. नाहीतरी त्या दिवशी उन्हातान्हात कुठे जाणार होतीस? मुलींबरोबर जहाजावरच्या पोहायच्या तलावात मस्त खेळ."

आता सगळं स्पष्ट झालं. तिसऱ्या दिवशी मुलगा आणि सून समुद्रतळ बघायला बुडी मारणार होते. दोघांचीच जागा ठेवलेली. दीड महिन्यापूर्वी काकूंनी स्पर्धेचं सांगितलं, तेव्हा मुलगा "बघू" म्हणाला होता आणि सून म्हणाली होती, "या वयात हा काय नाद." आईचंही तिकीट काढलं ते काही तिला समुद्र दाखवायला नव्हे. चार वर्षांच्या दोन मुली, सात दिवस.

"धनुष्य चढणार नसेल तर मीही चढणार नाही," काकू तपासनीस बाईला म्हणाल्या. "माझी बॅग द्या."

"आई, तमाशा करू नकोस."

"तमाशा कसला? मी घरी चालले."

"अगं, मग मुलींना कोण बघणार?"

"त्यांचे आईवडील," काकू म्हणाल्या आणि स्वेटर नीट घडी घालून बॅगेत ठेवला.

मुलगा चिडला की त्याचे कान लाल होत, लहानपणापासून. तो म्हणाला की तू स्वार्थी झाली आहेस, बाबा असते तर त्यांना लाज वाटली असती, लोक काय म्हणतील. काकूंनी दोन्ही नातींचे मुके घेतले, तपासनीस बाईला नमस्कार केला आणि लोक ज्या दिशेने आत येत होते त्याच्या उलट बाहेर पडल्या. खरं सांगायचं तर रस्त्यावर आल्यावर त्यांना रडू आलं नाही. त्या दोघांचे पुढचे सात दिवस डोळ्यांपुढे आले आणि एक दुष्ट गुदगुली झाली. त्याची त्यांना थोडी शरमही वाटली, पण थोडीच.

स्पर्धेच्या गावी रस्त्यानेही जाता येत होतं. दुसऱ्या दिवशी बसने अकरा तास लागले. धनुष्याची बॅग काकूंनी मांडीवर ठेवली होती. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "वाद्य का?" काकू "हो" म्हणाल्या. समजावत बसायचं त्राण नव्हतं.

मैदान बंदराजवळच होतं. सकाळी काकू धनुष्य जोडत होत्या, तेव्हा त्यांचं जहाज धक्क्याला लागलेलं दिसलं, पाच मजली पांढरंशुभ्र. त्यांनी तिकडे पाठ केली. चौदा स्पर्धक होते. सहा बाणांची एक, अशा सहा फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्यांत काकूंचे बाण लाल आणि मधल्या पिवळ्या पट्ट्यांत बसत गेले. पंचांनी फळ्यावर नाव लिहिलं: तिसरा क्रमांक.

चौथ्या फेरीआधी मागून ओळखीचा आवाज आला. "आई!"

मुलगा होता. एका हाताला एक नात, खांद्यावर दुसरी, दोघींच्या नाकाला शेंबूड. एकीच्या फ्रॉकवर आइस्क्रीमचे डाग.

"आई, फक्त चार तास ठेव. प्लीज. बारा वाजता आमची बुडी आहे. जहाजावरच्या पाळणाघरात या थांबत नाहीत, किंचाळतात. दोन रात्री आम्ही झोपलेलो नाही."

"पांढऱ्या रेषेच्या मागे जा," काकू म्हणाल्या. "इथे बाण सुटतात."

"चार तास, आई!"

"माझ्या तीन फेऱ्या राहिल्यात."

"तुझ्या फेऱ्या!" त्याचे कान पेटले. "सगळ्या सुट्टीची माती केलीस तू. एवढ्याशा इस्त्रीवरून! मी तिला म्हटलंही होतं, आईच्या बॅगेत नको ठेवूस, पण ती..."

तो थांबला. तोंडातून काय गेलं ते त्यालाही कळलं.

काकूंच्या हातात बाण होता. तो त्यांनी नळीत परत ठेवला.

"तुला माहीत होतं?"

मुलाने खांद्यावरची मुलगी सावरली.

"माहीत असून सगळ्यांसमोर मला विचारलंस, इस्त्री कशाला लागते म्हणून? वयाने होतं असं, म्हणालास?"

"मला वाटलं, तू सांभाळून घेशील," तो म्हणाला. "नेहमी घेतेस."

सून गप्प बसली, याचं काकूंना दुःख नव्हतं, रागच होता. परक्या घरातून आलेल्या बाईवर रागवायला सोपं असतं. पण हा? याला कांजिण्या झाल्या तेव्हा एकवीस दिवस रजा काढून त्या याच्या उशाशी बसल्या होत्या. यानेच किती सहज त्यांना विसराळू म्हातारी ठरवलं होतं. तेही चार तास पाण्याखाली जाता यावं म्हणून.

"अहो, रेषेमागे व्हा," पंच ओरडले.

"मुलींना घेऊन जा," काकू म्हणाल्या. "आणि या आठवड्यात मला फोन करू नकोस."

"आई, त्या रडताहेत."

"दिसतंय मला. त्यांना भूक लागली आहे. खायला घाल."

तो काही वेळ तिथेच उभा राहिला. त्याला वाटत होतं, आई वळेल. मग शिव्या पुटपुटत निघून गेला. धाकटी नात त्याच्या खांद्यावरून हात हलवत राहिली. काकूंनीही हलवला, नाही असं नाही.

चौथ्या फेरीचा पहिला बाण लक्ष्याच्या बाहेर गेला. दुसरा अगदी कडेच्या पांढऱ्या पट्टीत. पस्तीस वर्षांत न हललेली बोटं हलत होती. काकूंनी धनुष्य खाली घेतलं आणि लॅबमध्ये घाबरलेल्या रुग्णाला सांगायच्या तेच स्वतःला सांगितलं: दुसरीकडे बघा, श्वास सोडा, एवढंसंच आहे. तिसरा बाण निळ्यात बसला. पुढचे लाल. शेवटच्या फेरीत दोन पिवळ्यात गेले. पण त्या दोन बाणांचं नुकसान भरून निघालं नाही. पाचवा क्रमांक आला. पदक तिघांनाच होतं. चौथ्या आलेल्या निवृत्त टपाल कर्मचाऱ्याने त्यांना चहा पाजला आणि आपला मुलगा किती गुणी आहे ते अर्धा तास सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं.

जहाज परत आलं. पुढच्या सोमवारी सकाळी सात वाजले आणि काकू मुलाच्या घरी गेल्या नाहीत. मंगळवारीही नाही. फोन वाजत राहिला. गुरुवारी कळलं की मुलींना पाळणाघरात घातलं.

दहा-बारा दिवसांनी दारावरची बेल वाजली. सून होती, एकटीच.

"माफी मागायला आलेले नाही," ती उंबऱ्यावरूनच म्हणाली. "मुलींचे रेनकोट इथे राहिलेत."

काकूंनी रेनकोट काढून दिले. सून ते हातात घेऊन उभी राहिली.

"इस्त्री माझी होती."

"ठाऊक आहे."

"मी त्याला खोलीत जायच्या आधी म्हटलं होतं, सांगून टाकते. तो म्हणाला, थांब, आई काही बोलणार नाही. मग त्याने ते वयाचं काढलं आणि मला..." ती अडखळली. "पण मीही थांबलेच. मला ती बुडी मारायची होती. चार वर्षांत मी मुलींना सोडून कुठे गेले नव्हते."

"गेलात शेवटी?"

"नाही. धाकटी ओकली."

काकूंना हसू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, आणि सुनेच्या कपाळावर आठी चढली.

"तुम्हाला बरंच वाटलं असेल."

"हो," काकू म्हणाल्या. "वाटलं."

"तुम्ही त्या खोलीतच का नाही सांगितलंत? एक शब्द बोलला असतात तर मी सही केली असती."

"ते तू बोलायचं होतंस."

सून रेनकोट बगलेत मारून जिना उतरून गेली, चपलांचा मुद्दाम आवाज करत. काकूंनी दार लावलं. दोघींमध्ये काही जुळलं, असं म्हणता येणार नाही. पण त्या दिवसापासून सुनेने त्यांच्याशी गोड बोलायचं सोडून दिलं, आणि काकूंना ते आवडलं.

मुलगा दर रविवारी फोन करतो. "जेवलीस का?" विचारतो. त्या "हो" म्हणतात. नाती कशा आहेत ते विचारतात, त्याचं उत्तर लक्ष देऊन ऐकतात आणि फोन ठेवतात. त्याने अजून त्या खोलीचा विषय काढलेला नाही. एकदा तो सरावाच्या वेळी हॉलमध्ये येऊन मागच्या बाकावर बसला होता, मोबाइल न काढता, चांगला तासभर. काकूंना तो दिसला होता. आपले बाण संपेपर्यंत त्यांनी वळून पाहिलं नाही. लक्ष्यात रुतलेले बाण उपटायला त्या पलीकडे गेल्या आणि परत आल्या, तोवर बाक रिकामा झाला होता.