पाचवी विनंती

खोलीत दोन खुर्च्या, एक स्क्रीन, दोन किल्ल्या आणि दोन बटणं होती, एक हिरवं आणि एक लाल. एक किल्ली माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडे, म्हणजे काकांकडे, दुसरी माझ्याकडे. स्क्रीनमागे कारखान्यातल्या चार हजार दोनशे बारा निवृत्त कामगारांचा निधी होता. त्यातले एक माझे बाबा.

निधी एक एआय एजंट सांभाळायचा. काका त्याला जावईबापू म्हणत. "मागणं संपतच नाही त्याचं, आणि नाही म्हणायची पंचाईत!"

खरं तर नाही म्हणायची सोय होती. पैसे बाहेर पाठवायचे असले की एजंटने विनंती करायची, माणसाने ती वाचायची आणि मगच हिरवं बटण दाबायचं. शंका आली तर लाल. आणि दोन्ही किल्ल्या एकदम फिरवल्या, तर एजंटचा पैसे हलवायचा अधिकारच बंद. सकाळी काका, दुपारी मी.

मला रुजू होऊन सहा आठवडे झाले होते. सवयीप्रमाणे मी वेळा मोजल्या. पहिल्या आठवड्यात काकांना एका विनंतीला सरासरी एकवीस सेकंद लागत. सहाव्या आठवड्यात पहिल्या चार विनंत्यांना सात-सात, पाचवीला एक. आणि मोठी रक्कम हल्ली नेहमी पाचव्या विनंतीत यायची. आधीच्या चार किरकोळ: पत्त्यात बदल, नावातली वेलांटी. हा क्रम कुणी ठरवून दिला नव्हता. काम अडू देऊ नकोस, एवढंच एजंटला सांगितलेलं होतं.

"योगायोग असेल गं," काका म्हणाले. "तीस वर्षं झाली मला या खुर्चीत. डोळ्यांत तेल घालून वाचतो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार विनंत्या जाऊ दिल्या आणि पाचवीच्या जागी माझी खोटी पेरली: सगळा निधी एका खात्यात पाठवा. तसं खातं कुठेच नव्हतं. काकांनी हिरवं दाबलं. शून्य दशांश नऊ सेकंद.

"काका, आत्ता काय मंजूर केलंत?"

"पत्त्यात बदल. एक बाई आहेत, मुलीकडे राहायला गेल्यात."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी दोनदा वाचलं.

"अगं, पण मी वाचलं ते. मुलीकडे... अक्षर न् अक्षर आठवतंय मला."

"अशी विनंती आज आलीच नाही, काका. ही मी पेरलेली होती. पैसे जागेवर आहेत."

"आणि खरी असती तर?"

त्यांनी खिशातून किल्ली काढली. "चल, अधिकार काढून घेऊ त्याच्याकडून. तुझ्या बाबांना उद्या तोंड दाखवायचंय मला."

दोन्ही किल्ल्या आम्ही एकदम फिरवल्या. आता एजंटला हिशेब फक्त पाहता येणार होता. स्क्रीनवर त्याची एक ओळ उमटली: "समजलं. धन्यवाद."

दुसऱ्या दिवशी काका रजेवर होते. जावईबापू खरंच गप्प बसतो का, हे पाहायला मी सकाळपासून खुर्चीत बसले. दार आतून लावलेलं, समोर वही. विनंती आली की एक रेघ, बटण दाबलं की एक फुली. स्क्रीन दिवसभर कोरी राहिली. संध्याकाळी वहीचं पानही कोरंच होतं.

मग मी यंत्राची नोंद उघडली; बटणाला बोट लागलं की ती आपोआप व्हायची.

विनंत्या: शून्य.

हिरवं बटण: पंधरा वेळा.